जैबू मावशी आणि विहिरीत लोंबकळणारी चिमाक्का

एका मुलीला मी वर्गाबाहेर काढलं होतं, ‘हूं’ म्हणाली म्हणून.

शिवी दिली नव्हती तिनं. कुणाला चिमटा काढला नव्हता, कुणाची पेन्सिल चोरली नव्हती. नुसतं ‘हूं’. आणि कहर असा की ते तिचं शाळेतलं एकुलतं एक बोलणं होतं. चार महिने हजेरीलासुद्धा तिनं तोंड उघडलं नव्हतं, नुसता हात वर करायची. तिनं तोंड उघडलं आणि मी तिला दार दाखवलं.

मी तेव्हा चाळिशीची होते, अक्कल मात्र अजून बी.एड.च्या वर्गातच बसलेली. कडक खळ दिलेली साडी, चष्म्याला साखळी, पर्समध्ये लाल पेन. आदर्श शिक्षिका व्हायची मला इतकी घाई होती की शिक्षिका व्हायचं राहूनच जात होतं. आज मी आजी आहे, नात माझ्या साखळीच्या चष्म्याला हसते, तेव्हा मला वाटतं, वीस-बावीस वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी हसलं बाई त्या चष्म्याला. पण खरं सांगायचं तर त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या जैबू मावशी. “बाई, साकळी कशाला? पळून जातोय व्हय त्यो?” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. म्हणून हे लिहायला बसले.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या आमच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. माहेर आजऱ्याचं. घनसाळ तांदळाच्या वासात वाढलेली बाई, त्यामुळे शाळेत येणाऱ्या तांदळाकडे त्या फार दुःखानं बघायच्या. पोतं उघडलं की मूठभर हातात घेऊन म्हणायच्या, “ह्यो तांदूळ न्हाई बाई. खडं हायत. मधनं मधनं तांदूळ घातलाय.” बुटक्या, गोल, डोक्यावरचा पदर सारखा घसरणारा आणि सारखा सावरलेला. मुलांची जेवणं झाली, पातेली घासून पालथी पडली की त्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून दुसऱ्या दिवसाचा तांदूळ निवडायला बसत. उजवा हात ताटात, आणि सापडलेला खडा डाव्या हातानं, न बघता, खांद्यावरून मागे. मागच्या भिंतीशी खड्यांचा लहानसा डोंगर झाला होता. मुलं त्याला ‘मावशीचा पन्हाळा’ म्हणायची.

तिथंच गोष्टी चालायच्या. तिसरीचा माझा वर्ग शेवटचा अर्धा तास त्यांच्यापुढे जाऊन बसायचा. परवानगी मी दिली होती आणि त्यामागे लोककथांवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला वह्या तपासायला शांतता मिळायची, एवढंच. प्रेम नंतर जागं झालं, साहेब येणार असं कळल्यावर. तो भाग पुढे येईल.

मावशींच्या गोष्टींना कायदे होते. पहिला कायदा मामाचा. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे लहानपणी सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. मावशींना तर गोष्ट सांगायला दिवसच मोकळा. मग त्यांनी त्यावर तोड काढली होती. आधी विचारायच्या, “आज कुनाचा मामा वाटंवर हाय?”

“माझा! गडहिंग्लजला गेलाय.”

“माझा बी! ट्रकवर हाय.”

“मग सांगा त्येस्नी वाट.”

असं म्हटलं की सगळा वर्ग रस्त्याकडे तोंड करून बोंबलायचा, “मामाऽऽ, सरळ येऽऽ! वळू नकोऽऽ!” सगळ्या मामांची सोय लागली की गोष्ट सुरू. एकदा या आरोळीनं दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला खरोखरच करकचून थांबला. घाबरून आत डोकावला, “काय झालं? कोन पडलं?”

मावशी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, “कोन न्हाई पावणं. तुमी कुनाचं तरी मामा असशिलाच की. जावा सरळ.”

तो बिचारा सरळ गेला. त्याचं वळण खरं तर डावीकडे होतं असं मुलं म्हणतात.

दुसरा कायदा हुंकाराचा. गोष्ट सांगणारा एक, हुंकार देणारा एक. सांगणारानं वाक्य टाकायचं, देणारानं ‘हूं’ म्हणून ते उचलायचं, मग पुढचं वाक्य. सगळ्यांनी मिळून ‘हूं’ केलेलं त्यांना चालायचं नाही. “म्हशी पान्यात उतरल्यागत वाटतंय,” म्हणायच्या. आणि एक गोष्ट ज्याच्या हुंकारावर सुरू झाली त्याच्याच हुंकारावर संपायची. तो आजारी पडला तर गोष्ट थांबायची. मुलं कुरकुरली की त्यांचं उत्तर ठरलेलं, “मधनंच दुसरा बसला तर गोष्ट त्येला वळकत न्हाई. मग ती काय बी कराय लागती.”

त्यांच्या राक्षसांना भूक लागायची, सर्दी व्हायची, त्यांच्या राजाची राणी त्याला भांडी घासायला लावायची. मी एकदा चित्रांचं एक चकचकीत पुस्तक नेऊन दाखवलं. त्यातला राक्षस निरखून त्या म्हणाल्या, “ह्येला घरात कोन जेवाय घालत न्हाई काय?” एकदा एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. पोरगं राक्षसाच्या भीतीनं झोपत नाही म्हणे. मी लगेच घाबरले, बालमानसशास्त्र वगैरे. मावशींनी त्या पोराला जवळ ओढून कानात सांगितलं, “राक्षसाला कोल्हापुरी तिखाट सोसत न्हाई. उशाला एक मिरची ठेव, फिरकत न्हाई बग.” आठवड्यानं वडील पुन्हा हजर. पोरगं गाढ झोपतं, पण झोपेत मिरची चुरगाळून डोळे चोळतं. मावशी म्हणाल्या, “मग आता झोपंचं औषिद मागू नगासा, डोळ्याचं मागा.”

आता ती मुलगी. काशी तिचं नाव.

बावड्याच्या साखर कारखान्यावर हंगामात ऊसतोड टोळ्या येतात. काशीचे आईवडील बीडकडून अशाच एका टोळीबरोबर आले होते. दिवाळीनंतर तिला कुणीतरी शाळेत आणून बसवलं. नऊ वर्षांची असेल. दाराजवळ स्वतःचं पोतं अंथरून बसायची आणि कुणी बोललं की त्या पोत्याकडे बघायची. मी तिला चार वेळा नाव विचारलं, मग हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘मंद’ असं लिहिलं. लिहिलं होतं ते लिहिलं होतं.

मावशींनी काही विचारलं नाही. एके दिवशी गोष्ट सुरू करताना त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाल्या, “ए दारातली, तू दे हुंकार.”

मुलं हसली. काशीनं पोत्याकडे बघितलं. मावशींनी पहिलं वाक्य टाकलं आणि थांबल्या. तांदूळ निवडत राहिल्या. तीन खडे मागे गेले. चौथा गेला. आणि दाराकडून सुतासारखा बारीक आवाज आला, “हूं.”

त्यानंतर रोज हुंकार काशीचाच. पोरं सांगायची, “बाई, ती बोलती!” मी वहीतून डोकं काढून म्हणायचे, “त्याला बोलणं म्हणत नाहीत.” मला सगळं माहीत होतं ना!

मार्चमध्ये कळलं की वरचे साहेब शाळा बघायला येणार. मुख्याध्यापकांनी विचारलं, “काही वेगळा उपक्रम आहे का कुणाचा?” आणि माझं लोककथांवरचं प्रेम त्या क्षणी उफाळून आलं. मी उभी राहून म्हणाले, “आहे की. ‘आपल्या मातीतल्या गोष्टी’. गेलं वर्षभर राबवतेय.”

राबवत होत्या मावशी. मी वह्या तपासत होते.

मग तयारी. सभागृहात सतरंजी, टेबलावर हार, भाड्यानं आणलेला माईक. मुलांना दोन दिवस घोकवलं, हाताची घडी, तोंडावर बोट. मामाला आरोळी नाही. हुंकार नाही.

मावशी म्हणाल्या, “बाई, हुंकाराबिगर कसं सांगू?”

“मावशी, माईक असताना हुंकार कशाला? साहेबांना तुमचा आवाज स्पष्ट ऐकू गेला पाहिजे.”

त्यांनी माईककडे बघितलं. “ह्यो असा माझ्या तोंडाकडं बघत बसणार?”

“तो काय करतोय तुम्हाला!”

“करत कायच न्हाई,” त्या म्हणाल्या, “त्येचंच भ्या वाटतंय.”

साहेब आले. नारळ, हार, स्वागतगीत. मावशी नवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर बसून गोष्ट सांगायची त्यांची पहिलीच वेळ, हातात ताट नाही, तांदूळ नाही. त्यांची बोटं मांडीवर साडीचेच खडे वेचत होती. गोष्ट होती चिमाक्काची.

एका गावाची विहीर आटली. का आटली? तर तळाशी एक राक्षस झऱ्यावर बूड टेकून बसलेला. पाणी वर येईल कसं? आणि राक्षस होता उलट्या स्वभावाचा. झोपला की त्याचे डोळे उघडे, जागा झाला की डोळे मिटलेले. थोर थोर माणसं विहिरीत वाकून बघायची आणि त्याचे उघडे डोळे बघून पळायची. शेवटी धनगराची धाकटी पोर चिमाक्का म्हणाली, मी जाते. काकडीचा वेल काठावरच्या दगडाला बांधला आणि उतरायला लागली.

पहिलं वाक्य लाऊडस्पीकरमधून बाहेर पडलं तेव्हा मावशी दचकून मागे बघायला लागल्या, हे कोण बोललं म्हणून. दुसऱ्या वाक्यानंतर सवयीनं थांबल्या. सगळीकडे शांतता. माझी तयारी इतकी चोख होती. मुलं ओठांवर बोट ठेवून पुतळ्यांसारखी बसलेली, साहेबांनी घड्याळ बघितलं. आणि दाराकडून आवाज आला, “हूं.”

मावशींचा चेहरा मोकळा झाला. मी डोळे वटारले. पुढचं वाक्य, पुन्हा “हूं”. साहेबांनी मान वळवून बघितलं. मी घामाघूम.

चिमाक्का निम्म्या विहिरीत पोचली. वेल करकरायला लागला. काठावर एक कावळा येऊन बसला, त्यानं वेलाचं टोक चोचीत धरलं आणि विचारलं, “चिमाक्का, वेल तुटाय लागलाय. सोडू का धरू?”

“हूं,” काशी म्हणाली.

पुढचं वाक्य आलंच नाही.

“हूं?” काशी पुन्हा म्हणाली.

मावशी माईककडे बघत होत्या.

“हूं? हूं?” आता काशी गुडघ्यावर उभी राहिली होती. आवाज चांगला मोठा झाला होता. मला वाटलं, ही कार्टी मध्ये मध्ये करते म्हणून मावशींचा धागा तुटतोय. मी लगबगीनं गेले, तिचा दंड धरला, दाराबाहेर पायरीवर उभी केली, आणि परत येऊन साहेबांकडे बघून गोड हसले.

मावशी खुर्चीवरून उठल्या. माईकपासून तोंड लांब नेऊन, पण सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा त्यांच्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, “हुंकार भाईर गेला. गोष्ट थांबली.” आणि मला म्हणाल्या, “खिचडी खाली लागंल बाई.” गेल्या.

साहेब सज्जन होते, हसले. जेवून गेले आणि शेरेबुकात लिहून गेले, ‘खिचडी उत्तम.’ माझ्या वर्षभराच्या उपक्रमाचं हे एवढं फळ.

दुसऱ्या दिवशी काशी आली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी मावशी मला म्हणाल्या, “कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम सपला. टोळ्या चालल्यात. जावा, बगून या.” मी शाळा सुटल्यावर गेले. साहेबांसमोर माझी फजिती झाली म्हणून चार दिवस मी मावशींशी धड बोलले नव्हते, पण गेले. टोळी गेली होती. झोपड्यांच्या जागी उसाच्या पाचटाचे ढीग, तीन दगडांच्या काळ्या चुली, आणि मालक गेल्याचं अजून न कळलेलं एक कुत्रं.

मी तिथं उभी राहिले आणि मला तो आवाज आठवला, गुडघ्यावर उभी राहून मारलेला तो मोठा ‘हूं?’. तो आवाज मंद मुलीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत मी हजेरीपुस्तकातला तो शब्द खोडला. खोडून काय, कागद फाटला नुसता.

पुढची सगळी वर्षं मला एकच प्रश्न राहिला. ती पोर पुन्हा कुठल्या शाळेत, कुणापुढे तोंड उघडेल का? की माझ्या त्या दंड धरण्यानं ते दार कायमचं लागलं?

मावशींनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण चिमाक्काची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. नव्या वर्गाला जुन्या वर्गाकडून कळायचं, मग मुलं हट्ट करायची, “मावशी, चिमाक्काचं काय झालं?” मावशी म्हणायच्या, “लोंबकळालीय. तिचा हुंकार बीडकडं गेलाय. येऊ दे.” दरवर्षी हे ‘येऊ दे’ ऐकलं की मी वह्यांत डोकं घालायचे.

एकदा धीर करून मी स्वतःच गोष्टीचा शेवट लिहिला. सुवाच्य अक्षरात, समासासकट. त्यात राक्षस जागा होतो, चिमाक्काची निरागसता बघून त्याचं हृदयपरिवर्तन होतं, आणि तो गावकऱ्यांना पाण्याचं महत्त्व पटवून देतो. शेडमध्ये बसून मी तो मावशींना वाचून दाखवला. त्या शेवटपर्यंत तांदूळ निवडत ऐकत राहिल्या. मग एक खडा मागे टाकून म्हणाल्या, “बाई, ह्यो राक्षस हाय का गिरामसेवक?”

मी ते कागद चुलीत घातले. दुसऱ्या दिवशीची खिचडी चांगली झाली.

मी निवृत्त झाले, त्याआधीच मावशी काम सोडून हुपरीला लेकीकडे गेल्या होत्या. लेकीच्या घरात पैंजणांचं काम चालतं, मावशी घुंगरं निवडून द्यायच्या. वर्षातून दोन-तीनदा मी जायचे. गेल्या उन्हाळ्यात माझी सात वर्षांची नात सई बरोबर होती. तिला पैंजण हवे होते, मला मावशी.

हुपरीची बस. कंडक्टर बाई होत्या, आणि आवाज असा की पुढच्या थांब्यावरच्यांनी आधीच सामान उचलावं. “आत सरका! जागा हाय आत! ओ मामा, दारात उभारायचं न्हाई, दार माझं हाय!” सईनं कानावर हात ठेवले. उन्हानं ती कुरकुरायला लागली तशी मी गोष्ट काढली. चिमाक्काचीच. का ते विचारू नका, दातात अडकलेल्याकडे जीभ जाते तशी मी त्या गोष्टीकडे जायचे. विहीर आटली, राक्षस बसला. सई थोडा वेळ ‘हूं, हूं’ म्हणाली, मग खिडकीतून दिसणाऱ्या उसाच्या ट्रॉलीत हरवली. मी आपली सांगत होते. वेल करकरायला लागला.

“हूं,” माझ्या डोक्यावरून आवाज आला.

मी वर बघितलं. कंडक्टर बाई आमच्या सीटला टेकून तिकिटाचं मशीन हातात धरून उभ्या होत्या.

“कावळा आला,” त्या म्हणाल्या. “वेलाचं टोक चोचीत धरलं. सोडू का धरू. फुडं?”

माझ्या हातातली पर्स खाली पडली. “पुढचं… पुढचं मला नाही माहीत.”

“मला बी न्हाई,” त्या म्हणाल्या. वाकून माझा चेहरा नीट बघितला, आणि चष्म्याची साखळी दिसली बहुतेक. “बाई? बावड्याच्या बाई?”

गेल्या वीस वर्षांत मी किती वेळा माफीचं भाषण मनात तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मी एवढंच म्हणाले, “काशी, मी तुला बाहेर काढलं होतं गं.”

“व्हय की,” काशी खळखळून हसली. “दारात उभी केलासा. तवापास्नं दारातच हाय बगा. आता पगार मिळतोय त्येचा.”

सगळी बस आमच्याकडे बघत होती. काशीनं दोरी ओढून बस थांबवली, दोघांना उतरवलं, तिघांना चढवलं, आणि पुन्हा येऊन माझ्याशी बोलायला लागली. सासर हुपरीजवळचं, म्हणून बदली मागून घेतलेली. त्या दिवशी ती पायरीवर रडत नव्हती म्हणे, कान लावून उभी होती, मावशी पुढचं सांगतात का म्हणून. “न्हाई सांगितलं. मग गावाकडं जाताना ट्रॅक्टरवर भाऊ रडाय लागला. त्येला ही गोष्ट सांगितली. त्यो म्हनाला, फुडं? आता फुडं म्हनल्यावर काय करनार? लावली मनानं. रोज येगळी. बोलून बोलून तोंडाचा पट्टाच सुरू झाला बाई, अजून बंद न्हाई.”

पुढच्या सीटवरचे एक आजोबा कळवळून म्हणाले, “खरं हाय, खरं हाय.”

माझ्या छातीवरून कुणीतरी तांदळाचं भरलं पोतं उचललं. खड्यांसकट.

हुपरीच्या स्टँडवर बस वीस मिनिटं थांबते. मावशींच्या लेकीचं घर तिथून हाकेवर. काशीनं ड्रायव्हरला सांगितलं, “आलोच भाऊ,” आणि माझ्या पुढे पळत सुटली.

मावशी सोप्यात बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. समोर ताटात चांदीची घुंगरं. फुटकी हाताला लागली की डाव्या हातानं, न बघता, खांद्यावरून मागे. मागे लेकीनं परात ठेवली होती, चांदी वाया जाऊ नये म्हणून. दारात खाकी कपडे बघून त्या घाबरल्या. “काय झालं? आमच्या पोरांनी काय केलं?”

काशी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “हूं?”

ताटातली बोटं थांबली. मावशींनी मान तिरकी केली, नजरेपेक्षा कानानं बघितल्यासारखी. “दारातली?”

“हूं.”

“आलीस व्हय गं,” मावशी म्हणाल्या. “लई वाट बगाय लावलीस. ती पोर लोंबकळून लोंबकळून म्हातारी झाली असंल.” मग पदर सावरला. “थांबा. आज कुनाचा मामा वाटंवर हाय?”

“माझा!” सई ओरडली. “पुण्याहून येतोय!”

आम्ही सगळ्यांनी, त्यात साठी ओलांडलेली मी, रस्त्याकडे तोंड करून माझ्या मुलाला आरोळी मारली, “मामाऽऽ, सरळ येऽऽ!”

“हां,” मावशी म्हणाल्या. “आता तू सांग.”

“मी?” काशी दचकली. “मावशी, गोष्ट तुमची हाय.”

“एवडी वर्सं तुझ्यापाशी हुती. तूच तिला वर काड. मी देते हुंकार.”

काशीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सुरुवात केली. कावळ्यानं विचारलं, सोडू का धरू?

“हूं,” मावशी म्हणाल्या. आवाज सुतासारखा बारीक झाला होता.

चिमाक्का म्हणाली, तुला झेपंल ते कर. तेवढ्यात वेल तुटला आणि ती पडली ती थेट राक्षसाच्या पोटावर. राक्षस जागा झाला. जागा झाला म्हणजे डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे दिसायचं बंद. त्यानं विचारलं, कोण आहे? चिमाक्का गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. राक्षसानं इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. हाती कुणी लागेना म्हणून तो शोधायला उठून उभा राहिला. तो उठला तसा बुडाखालचा झरा सुटला. पाणी चढायला लागलं, आणि पाण्याबरोबर चिमाक्का चढायला लागली. चढता चढता काठाला आली. कावळा म्हणाला, मी धरलं न्हाई, सोडलं न्हाई, तू वर आलीस कशी? चिमाक्का म्हणाली, तू बाजूला हो आधी, गाव पाण्याला येतंय.

“हूं,” मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, लांबवून, “हूंऽऽ.”

सई टाळ्या वाजवायला लागली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काशीनं मावशींच्या पायाला हात लावला, माझ्याही लावला, मी तिचा हात धरून ठेवला, दंड नव्हे, हात. ती पळाली. स्टँडवरून डबल बेल ऐकू आली आणि तो आवाज, “आत सरका, आत सरका!”

मावशी भिंतीला धरून दारापर्यंत आल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं. बोटाच्या टोकाला एक घुंगरू चिकटलेलं, तो हात कपाळावर आडवा धरून त्या जाणाऱ्या बसकडे बघत होत्या. मी म्हणाले, “मावशी, त्या दिवशी मी तिला बाहेर काढलं नसतं तर तुम्हाला इतकी वर्षं थांबावं लागलं नसतं. माझं चुकलं.”

मावशींनी बस वळेपर्यंत वाट बघितली. लेक आत आहे ना ते बघितलं. मग माझा कान जवळ ओढून म्हणाल्या, “बाई, कुनाला बोलू नगासा. त्यो माईक तोंडाम्होरं आला आन मी फुडचं सगळं इसरले हुते. तुमी त्या पोरीला भाईर काढलासा म्हनून माझी सुटका झाली. तवापास्नं मीच रोज इचार करत हुते, त्या चिमाक्काला आता वर काडू कशी?”